कोविड वॉर्डातली आत्या: दाखल करण्यापासून क्लेम मिळेपर्यंत

गेल्या आठवड्यात आत्याच्या मेडिक्लेमचे पैसे बँकेत जमा झाले आणि एप्रिल २०२१ मध्ये सुरू झालेले प्रकरण निदान कागदोपत्री मिटले. मधल्या काळात ओळखीपाळखीच्या कितीतरी लोकांचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच: "आत आपल्याला सोडत नाहीत, मग पेशंटचं बघतं कोण? आणि आपण बाहेर बसून करायचं काय?" म्हणून सलग लिहून काढते आहे. औषधोपचारांबद्दल यात फार काही सापडणार नाही, तो माझा प्रांत नाही. जे कळले ते बहुतेक सिस्टर लोकांमुळे कळले, त्यामुळे त्यांच्याबद्दलच जास्त आहे.

आत्या ७३ वर्षांची. भोर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, निवृत्तीनंतर पुण्यात आमच्याकडेच राहते. डावा कान पूर्ण गेलेला, उजव्या कानाला मशीन. थायरॉइड आणि बीपीच्या गोळ्या चालू. मार्चमध्ये लशीचा पहिला डोस झाला होता. मला आदल्या सप्टेंबरात कोविड होऊन गेला होता, त्यामुळे या वेळची पळापळ माझ्याकडे आली. नवरा आणि मुलगा घरातच अलगीकरणात.

९ एप्रिलला, शुक्रवारी, तिला ताप आला. दुसऱ्या दिवशी घरी येऊन स्वॅब नेला, त्याचे सरकारी दराने ८०० रुपये. रिपोर्ट यायला १२ तारीख उजाडली. पॉझिटिव्ह. १३ ला पाडवा होता. आम्ही गुढी उभारली आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आत्याला सहा मिनिटे घरातल्या घरात चालायला लावले. ऑक्सिमीटरवर बसलेली असताना ९५, चालून झाल्यावर ९०. (ही चाचणी घरी करताना पेशंटजवळ एक जण उभा हवाच, आणि धाप लागली की मधेच थांबवायची.) १४ ला एचआरसीटी, म्हणजे छातीचा सीटी स्कॅन. त्याचे दर सरकारने मशीनच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० आणि ३,००० असे बांधून दिलेले होते, आम्हाला २,५०० पडले. स्कोअर, म्हणजे फुफ्फुसांत आजार किती पसरला त्याचा आकडा, २५ पैकी १४.

बेड शोधण्याबद्दल लिहीत बसत नाही, त्या आठवड्यात पुण्यात ज्यांनी शोधला त्यांना माहीत आहे. महापालिकेच्या डॅशबोर्डवर व्हेंटिलेटरच्या रकान्यात शून्य, ऑक्सिजनच्या रकान्यात आकडा असला तरी फोन लावेपर्यंत तो गेलेला. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या ओळखीतून १५ तारखेला संध्याकाळी एका खासगी रुग्णालयात जागा मिळाली. रुग्णवाहिकावाल्याने ४,००० सांगितले, पावती मागितल्यावर २,८०० घेतले. पावती मागाच, पुढे क्लेमलाही लागते.

दाखल करताना ५० हजार अनामत, आधार कार्ड, रिपोर्ट, सीटीची फिल्म आणि संमतिपत्रांवर सह्यांचा सपाटा. नाते या रकान्यात 'भाची' लिहिल्यावर "मुलगा-मुलगी कोणी नाही का?" असे विचारले गेले. नाही म्हटल्यावर एक वेगळे हमीपत्र लिहून घेतले. अविवाहित किंवा एकट्या ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर त्यांनी स्वतः सही केलेला, "माझ्या उपचारांचे निर्णय अमुक व्यक्ती घेईल" एवढाच मजकूर असलेला कागद आधीच तयार ठेवा. कायद्याच्या दृष्टीने त्याचे वजन किती ते वकील सांगतील. काउंटरवर मात्र वाद लवकर मिटतो.

आत्याला व्हीलचेअरवरून आत नेले आणि अर्ध्या तासाने एक वॉर्डबॉय मामा प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बाहेर आले. तिच्या बांगड्या, कानातले, पाकीट, चष्म्याची डबी. मौल्यवान वस्तू आत ठेवत नाहीत, असा नियमच होता. सही करून पिशवी घेतली आणि घरी कपाटात ठेवून दिली.

पहिले दोन दिवस रोज दुपारी आरएमओंचा, म्हणजे निवासी डॉक्टरांचा, फोन यायचा: ऑक्सिजन इतके लिटर, सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) इतके, रेमडेसिविरचे इंजेक्शन सुरू केले. रेमडेसिविर तेव्हा कोट्यातून थेट रुग्णालयाला मिळत होते, म्हणून ती धावपळ आमच्या वाट्याला आली नाही. आकडे कळत होते, पण ती खाते का, झोपते का, बोलते का, यातले काहीच कळत नव्हते. १७ ला तिला आयसीयूत हलवले.

१८ च्या रात्री दीड वाजून गेल्यावर फोन वाजला. त्या वेळी येणाऱ्या फोनचा अर्थ एकच असतो. पण पलीकडच्या सिस्टरांनी नावगाव विचारण्याआधी पहिले वाक्य टाकले ते असे: "घाबरू नका, आजी आहेत, तब्येत संध्याकाळसारखीच आहे. मला एक विचारायचं होतं." आत्या सारखा मास्क ओढून काढत होती. काढला की सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, ऐंशीच्या खाली जायचे. पलंगावरून उतरायला बघत होती. मुलांची हजेरी घ्यायची राहिली आहे म्हणत होती. "अशा वेळी हात बांधायला लागतात," सिस्टर म्हणाल्या, "मला ते करायचं नाहीये. त्यांना नीट ऐकू येतं ना? मी ओरडून सांगते तरी त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहतात."

मी कपाट उघडले. चष्म्याच्या डबीतच, चष्म्याखाली, मशीन होते. सीटीच्या वेळी काढलेले, आणि मग बाकीच्या वस्तूंबरोबर बाहेर आलेले. म्हणजे चार दिवस आत्या चष्म्याशिवाय आणि पूर्ण बहिऱ्या अवस्थेत, पांढऱ्या पोशाखातल्या, तोंड न दिसणाऱ्या माणसांमध्ये होती. एरवी ती ओठ वाचून निम्मे समजून घेते. तिथे ओठच नव्हते.

याला डेलिरियम म्हणतात, हे नंतर डॉक्टरांनी समजावले. तीव्र आजारात म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो, दिवस-रात्र कळेनासे होते. स्टेरॉइडने, ऑक्सिजन कमी पडल्याने तो वाढतो, आणि कानाची-डोळ्यांची साधने काढून घेतली की आणखीच. औषध असते, पण आधी चष्मा, कान, उजेड, घड्याळ आणि ओळखीचा शब्द परत द्यायचा असतो. हे सगळे नर्सिंगच्या हातात.

त्या सिस्टरांनी फोनवरच मला विचारले, "त्यांना तुम्ही काय म्हणता?" मी म्हटले, आम्ही आत्या म्हणतो, पण आख्खे गाव आणि विद्यार्थी 'बाई' म्हणतात. "मग मीपण बाई म्हणते. तुम्ही सकाळी मशीन पाठवा. आणि एका कागदावर त्यांच्याबद्दल लिहून द्या, मोठ्या अक्षरात, मी बेडला लावते."

तो कागद हा या सगळ्यातला सर्वांत उपयोगी कागद ठरला, म्हणून काय लिहिले ते सांगते. डावा कान बंद, उजव्या बाजूने बोला. वरची कवळी आहे, जेवताना लावा, झोपताना काढा. 'बाई' म्हटले की लगेच बघते. बिनसाखरेचा चहा. उपमा आवडत नाही, भात-वरण खाते. मराठी वाचते, चष्मा असेल तर लिहून दाखवले तरी चालते. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी. बेडपॅनची अतिशय लाज वाटते. खाली माझा नंबर. कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला म्हणजे पुसता येतो. तुमचा पेशंट ऐकू येणारा असला तरी असा कागद पहिल्या दिवशीच द्या. आत तीस जणांत आपला माणूस फक्त बेड नंबर असतो आणि सिस्टर दर पाळीला बदलतात.

१९ ला सकाळी पिशवी गेटवर दिली: मशीन, बॅटऱ्यांची दोन पाकिटे (१३ नंबरची, नारिंगी स्टिकरवाली), चष्मा, फोल्डर, जाड मार्कर, कोरे कागद, जुना मोबाइल. रात्री बॅटरीचे झाकण उघडे ठेवायचे, हे पाकिटावर लिहून. आत जाणारी वस्तू परत येईलच असे धरू नका.

पुढचे आत्याने आणि सिस्टरांनी सांगितले तसे लिहिते. मास्कच्या इलॅस्टिकने कानामागचे मशीन सारखे निसटायचे, म्हणून एका सिस्टरांनी त्याला दोरा बांधून तो गाउनच्या गळ्याला पिनने अडकवला. पोटावर झोपवायचे, म्हणजे प्रोनिंग, तेव्हा मशीन काढून ठेवायचे, पण आधी कागदावर लिहून दाखवायचे: 'बाई, आता पोटावर झोपायचं. बारा वाजता परत उलटं करते.' वेळ लिहिलेली असली की ती तक्रार न करता पडून राहायची. शिक्षिकाच ती. एकदा सिस्टरांनी 'पाणि' लिहिले तर मास्क लावलेला असतानाच तिने बोटाने दीर्घ वेलांटी काढून दाखवली. ही गोष्ट मला व्हिडिओ कॉलवर सिस्टरांनीच हसत सांगितली, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

पाण्याची गोष्ट मात्र गंभीर होती. आत्या पाणीच पीत नव्हती. कोणी विचारले तर "नको, तहान नाही". लघवीचा तक्ता बघून सकाळपाळीच्या सिस्टरांच्या लक्षात आले. कागदावरची बेडपॅनची ओळ त्यांनी वाचली होती. त्यांनी वॉर्डातल्या आया-मावशींशी बोलून वेळा ठरवल्या आणि पडदा ओढून, विचारायची वाट न बघता, मावशी त्या वेळेला स्वतः येऊ लागल्या. मागावे लागत नाही म्हटल्यावर आत्या पाणी पिऊ लागली. कितीतरी म्हाताऱ्या बायका याच कारणाने पाणी टाळतात, असे त्या सिस्टर म्हणाल्या. तुमच्या घरचे माणूस असे करत असेल तर लाजू नका, फोनवर सांगा.

जेवण हा तिथला सगळ्यात वेळखाऊ प्रकार. मास्क काढला की ऑक्सिजन उतरतो, त्यामुळे जेवताना नाकात नळी लावायची, दोन घास द्यायचे, थांबायचे, मॉनिटर बघायचा, परत दोन घास. एका वाटी भाताला अर्धा तास. पीपीई, म्हणजे संसर्गापासून वाचवणारा बंदिस्त पोशाख, घातलेल्या माणसाला पाळी संपेपर्यंत पाणी पिता येत नाही आणि बाथरूमलाही जाता येत नाही, हे लक्षात घेतले की त्या अर्ध्या तासाची किंमत कळते. बिलात तिचा वेगळा आकडा नसतो. सरकारने तेव्हा ठरवलेल्या दरांत (साध्या वॉर्डाचे दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरविना आयसीयूचे ७,५००) बेड, जेवण, नर्सिंग सगळे एकत्र धरलेले होते.

२१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून रुग्ण दगावले. दिवसभर टीव्हीवर तेच. त्या संध्याकाळी मी न राहवून वॉर्डात फोन लावला. इन्चार्ज सिस्टरांनी उचलला आणि म्हणाल्या, "आज सगळेच विचारतायत. आमच्याकडे प्रेशर मी आत्ताच बघून आलेय." एवढेच. बरे वाटले. नंतर त्यांनी मला फोनची पद्धतही समजावली: सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ ही ओव्हर देण्याची, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरांना पेशंटची माहिती देण्याची वेळ, तेव्हा करायचा नाही. त्यानंतर तासाभराने करायचा, तोवर नव्या पाळीच्या सिस्टरांनी राउंड मारलेला असतो. घरातल्या एकानेच करायचा आणि बाकीच्यांना त्याने सांगायचे. आमच्याकडे ऑस्ट्रेलियातला चुलतभाऊ थेट वॉर्डात फोन लावत होता, तो मी बंद केला.

व्हिडिओ कॉल चार ते पाचच्या दरम्यान, मोबाइल पारदर्शक पिशवीत. मास्कच्या घरघरीत मशीनमधूनही आत्याला माझा आवाज कळेना, म्हणून मीही कागद धरू लागले. मुलाचा ताप उतरला. आंब्याची पेटी आलीये. तुझी तुळस मी घालते पाणी. तिकडून ती अंगठा दाखवायची. केसांच्या दोन वेण्या घातलेल्या दिसल्या. तिचे केस अजून कमरेपर्यंत आहेत, ते मास्कच्या पट्ट्यांत अडकून गुंता झाला होता. रात्रीच्या मावशींनी तेल मागवून घेऊन, थोडे थोडे करत दोन रात्रींत तो सोडवला. कापून टाकणे पाच मिनिटांचे काम होते आणि मी हो म्हटलेही असते. नाकावर मास्क रुतून जखम होत होती तिथे गॉजची घडी. पोटात रोज रक्त पातळ करायचे इंजेक्शन, स्टेरॉइडने शुगर वाढली म्हणून इन्शुलिन, त्यामुळे बोटे टोचून टोचून काळी पडलेली.

शेजारच्या पलंगावरच्या बाई २४ ला गेल्या. आत्याला तेव्हा कोणी काही बोलले नाही. सिस्टरांनी येऊन तिची कूस बदलली, मशीन काढून घेतले आणि 'झोपा आता' असे लिहून दाखवले. तिला कळले होतेच. घरी आल्यावर तिने मला सांगितले, "कळू नये म्हणून ती धडपडत होती, मग मीही कळलं नाही असं दाखवलं."

२६ ला आयसीयूतून बाहेर, ऑक्सिजन हळूहळू कमी, ३ मे रोजी घरी. डिस्चार्जला सकाळी सांगितले तरी निघायला संध्याकाळ झाली: फार्मसीचे मिटवायचे, मग बिलिंग, मग बिलाची तपासणी. एकूण बिल १ लाख ६२ हजार. पीपीई, सीटी, काही महागडी औषधे ठरलेल्या दराच्या बाहेर होती, तरीही बिलाची ओळन्‌ओळ फोड मागून घ्या. आमच्या बिलात आयसीयूचा एक दिवस जास्त लागला होता, दाखवल्यावर निमूट कमी केला. निघताना वॉर्डातल्या सिस्टरांनी पंधरा मिनिटे खर्चून मला इन्शुलिन टोचायला शिकवले, तीन बॉलच्या स्पायरोमीटरवर फुफ्फुसांचा व्यायाम दाखवला आणि नाक चोंदणे, गाल सुजणे, डोळा दुखणे यातले काही झाले तर थांबायचे नाही, असे बजावले. म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराच्या, बातम्या तेव्हा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. घरी महिनाभर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने, १२,००० रुपये आणि अनामत वेगळी.

क्लेमचे कागद मेच्या मध्याला पाठवले. जूनमध्ये विमा कंपनीचे पत्र आले: इनडोअर केस पेपर पाठवा. म्हणजे दाखल असतानाची पूर्ण फाइल, नर्सिंग नोट्ससकट. मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्यायचा, सोबत पेशंटचे संमतिपत्र आणि आधार, झेरॉक्सचे पैसे वेगळे. काउंटरवर "पंधरा दिवस लागतील" म्हणाले. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. अर्जात तेवढे एक वाक्य घातले. तिसऱ्या दिवशी गठ्ठा मिळाला.

तो मी रात्री बसून वाचला. बहुतेक पाने आकड्यांची: नाडी, बीपी, सॅच्युरेशन, दोन-दोन तासांनी. १८ च्या रात्रीच्या पानावर नोंदी पंधरा-पंधरा, वीस-वीस मिनिटांच्या होत्या. दीड वाजता: मास्क वारंवार काढत आहेत, सॅच्युरेशन ७९, नातेवाइकांना फोन केला, हात बांधलेले नाहीत. मग पहाटे पाचपर्यंत प्रत्येक नोंद एकाच अक्षरात, एकच सही. त्या सिस्टरांकडे त्या रात्री आठ पेशंट होते, असे पुढे इन्चार्ज सिस्टरांकडून कळले. फोन ठेवल्यावर मी झोपायचा प्रयत्न केला होता. त्यांनी मला त्याबद्दल नंतर काहीच सांगितले नव्हते.

१२ मेला परिचारिका दिनाला पेढे पाठवू का, असे मी विचारले होते तेव्हा इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या होत्या, "पेढे आत नेता येत नाहीत. त्यापेक्षा मेट्रनच्या, आमच्या प्रमुखांच्या, नावाने पत्र द्या, ते फाइलला लागतं." पण पत्रात नावे कोणाची घालणार? आत्याला आठवत होते ते डोळे, आवाज आणि पीपीईच्या छातीवर मार्करने लिहिलेली अर्धवट अक्षरे. आता केस पेपरवर सह्या होत्या. त्यांवरून आणि इन्चार्ज सिस्टरांच्या मदतीने नावे जुळवली, मावशींची वेगळी विचारून घेतली, आणि कोणी नेमके काय केले ते तारीखवार लिहिले. 'सर्व स्टाफचे आभार' असे मोघम पत्र कोणाच्याच फाइलला लागत नाही. आवक विभागात दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का आणि नंबर घेतला. १८ च्या रात्रीच्या सिस्टर कंत्राटावर होत्या आणि मेअखेर ते संपले होते. त्यांना दुसरीकडे नोकरीसाठी उपयोग होईल म्हणून इन्चार्ज सिस्टरांनी शिक्क्याच्या प्रतीचा फोटो त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला.

क्लेममधून १ लाख २९ हजार मिळाले. ग्लोव्ह्ज, पीपीई, मास्क वगैरे 'नॉन-पेएबल' म्हणून कापले. बरे झाल्यावर तीन महिने थांबायचे असा २०२१ मधला नियम असल्याने आत्याचा दुसरा डोस आता याच महिन्यात आहे. केंद्रावर नेताना मशीनच्या जास्तीच्या बॅटऱ्या पर्समध्ये टाकायच्या, एवढे तिने स्वतःच मला दोनदा सांगून ठेवले आहे.